भोकरसाठी बायको सोडल्याची हकीकत

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गंजगोलाई, लातूर
(जिल्हा लातूर. पाकिटावर तुम्ही अजून उस्मानाबाद जिल्हा लिहिता, आणि पत्र आधी तिकडचं ऊन खाऊन मग आमच्याकडं येतं.)

तीर्थाकाठी राहणारे आमचे थोरले साडूभाऊ भीमाशंकरराव यांस धाकट्या साडूचे, म्हणजे मल्लिकार्जुनाचे, शरणु शरणार्थी. सौ. कमलाक्कांनाही सांगावे. तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांचा खोकला उतरला का? आणि गोदावरी कशी आहे? (आमच्याकडं आता माणसाच्या आधी पाण्याची खुशाली विचारायची रीत पडलीय. वाईट वाटून घेऊ नका.) इकडं सगळं क्षेम आहे. पाऊस नाही, विहिरींना तळ दिसून राहिला, नळ कोरडा खोकतो. पण नव्या कचेऱ्यांच्या भिंती मात्र दर महिन्याला रंगवतात, त्यामुळं गावात पाणी आहे असा बाहेरच्या माणसाचा समज होतो.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, 'मल्लिकार्जुनराव, भोकरला नेमकं झालं तरी काय?' हा प्रश्न तुम्ही विचारावा याचं मला हसू आलं, कारण त्या गंजीला पहिली काडी तुमच्याच हातून लागली. पण राग नाही. तुम्ही मधला भाग पाहिलात, मागचा-पुढचा पाहिला नाही, म्हणून सगळंच सांगतो.

जिल्हा झाल्यापासून लातूर ओळखू येत नाही. काल जिथं म्हशी बसायच्या तिथं आज उपसंचालक बसतात. माझं वह्या-पेनांचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, डिंक मागायचं, घेऊन जायचं. आता एक साहेब आले आणि म्हणाले, 'गम आहे का?' मी म्हणालो, 'साहेब, असल्या दुष्काळात गमला काय तोटा? घरोघर आहे.' साहेब माझ्याकडं बघत राहिले आणि समोरच्या दुकानातून डिंकाची बाटली घेऊन गेले. त्या दिवशी मी ठरवलं, इंग्रजी शिकायचं.

लातुरात पाण्याला तोटा, क्लासला नाही. आमच्या गल्लीतच देगलूरकडचे एक व्यंकटी सर शिकवतात. त्यांनी एक अख्खा आठवडा नुसतं घरातून निघायचं कसं हेच शिकवलं. म्हणजे असं, की 'लीव्ह लातूर' म्हणलं तर लातूर सोडलं, आणि 'लीव्ह फॉर लातूर' म्हणलं तर लातूरला निघालो. एवढ्याशा 'फॉर'नं पाठीमागचं गाव तोंडासमोर येतं! मला ही गंमत इतकी आवडली की मी घरातल्या घरात सुद्धा तिचा सराव सुरू केला. नीलाला म्हणायचो, 'आय ॲम लीव्हिंग फॉर दुकान.' ती म्हणायची, 'मग जा की, उंबऱ्यात काय उभं राहिलाव?' (शिकणाऱ्याला घरातून उत्तेजन मिळत नाही, ही आपल्या समाजाची खोड आहे.) सरांनी आणखी एक मंत्र दिला. तारेत 'फॉर'सारखे महत्त्वाचे शब्द ठेवायचे आणि बारीकसारीक गाळायचे, हुशार माणसाला अर्थ कळतोच.

आता नीलाचं सांगतो. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बायका उजाडायच्या आत घागरी रांगेत लावतात आणि घागरींशेजारी स्वतः बसतात. नीला रोज जायची. मी म्हणालो, मामांच्या भोकरच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे, तर पाऊस पडेपर्यंत तुला माहेरी सोडतो. ती खुश झाली. म्हणाली, 'कार्ड टाका.' मी म्हणालो, 'जिल्ह्याच्या माणसानं तालुक्याला कार्ड टाकायचं?' आणि तार करायला गेलो.

मनात वाक्य तयार होतं, बायकोला घेऊन भोकरला निघतोय. 'लीव्हिंग विथ वाइफ फॉर भोकर.' फॉर ठेवला. सरांनी तसं बजावलंच होतं. आता गाळायला बारीकसारीक काय आहे बघितलं, तर 'विथ' सापडला. तो गाळला. 'लीव्हिंग वाइफ फॉर भोकर. मल्लिकार्जुन.' तारबाबूनं शब्द मोजले. अर्थ मोजणं हे त्याचं काम नव्हे.

तार म्हणलं की आपल्याकडं आधी रडायचं आणि मग फोडायची. मामींनी, म्हणजे गंगम्मांनी, त्याप्रमाणं केलं. घरात कुणाला 'वाइफ' आणि 'भोकर' यापलीकडं काही लागेना, आणि गावात दाखवायची तर घरची गोष्ट चव्हाट्यावर येते. म्हणून आपले सासरे गुरुपादप्पा ती तार फेट्यात खोचून नांदेडची बस धरून तुमच्याकडं विष्णुपुरीला आले. थोरला जावई इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला आहे, त्याच्या आसपास सगळे इंग्रजीतच शिंकतात, त्याला कळेल. आणि तुम्हाला कळलं! मामांनी मला नंतर तुमचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. तुम्ही चष्मा पुसलात, तार उजेडाला धरलीत आणि म्हणालात, 'मामा, आधी टेका. इंग्रजीत माणूस बायकोला सोडून पुढं फॉर लावतो ना, तेव्हा फॉरच्या पलीकडं दुसरी कुणीतरी असते. इथं भोकर लिहिलंय. म्हणजे बाई भोकरचीच दिसते.'

साडूभाऊ, तुम्ही अगदी बरोबर वाचलंत. माझी तक्रार तीच आहे. घरच्या माणसाची तार इतकी बरोबर वाचायची नसते.

मामांनी अक्कांच्या हातचा चहा सुद्धा घेतला नाही. भोकरला जाणाऱ्या एका कंडक्टरजवळ मामींसाठी निरोप दिला. (म्हणजे तो निरोप भोकरच्या आधी वाटेत बारडलाच उतरून चार कानांवर गेला असणार.) आणि स्वतः काठी घेऊन लातूरच्या गाडीत बसले. त्याच वेळी मी आणि नीला, एक पत्र्याची पेटी आणि दोन पिशव्या, लातूरहून नांदेडच्या गाडीत. अहमदपूरच्या स्टँडवर दोन्ही गाड्या समोरासमोर लागल्या. नीला खिडकीतून ओरडली, 'अवो, अप्पा! त्या गाडीत अप्पा हायत!' मी म्हणालो, 'इम्पॉसिबल.' हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि वापरायची संधी शोधत होतो. तोवर गाड्या सुटल्या.

नांदेडला भोकरच्या गाडीत चढलो, तर कंडक्टर माझ्याकडं निरखून बघायला लागला. निम्म्या वाटेत तिकीट देताना त्यानं नाव विचारलं. तिकिटाला नाव कशाला लागतं? मी सांगितलं. त्यानं पुढच्या सीटवरच्या दोन बायकांना उठवून मागं बसवलं. मला वाटलं, जिल्ह्याच्या माणसाचा मान ठेवतोय.

घरी पोचलो तर अंगण बायकांनी भरलेलं. मामींनी नीलाला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी लेक आली म्हणून. मी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, 'मामी, नीलाला सोडायला आलो.'

काय वाईट आहे सांगा या वाक्यात? महाराष्ट्रातला प्रत्येक जावई दर वर्षी हे वाक्य म्हणतो. पण अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, 'आगं माय माय! तोंडावर सांगून राहिला की!' आणि पुन्हा सगळ्यांनी एकदम सूर धरला. आपला मेहुणा संगप्पा पुढं आला, माझ्या हातातली पेटी काढून घेतली आणि दाराला आडवी लावून तिच्यावर बसला. संगप्पा बसला की पेटीचं आणि दाराचं दोन्हीचं काम संपतं.

'कोण हाय ती?' त्यानं विचारलं.

'कोण?'

'भोकरची.'

मला वाटलं, गाडीचं विचारतोय. मी म्हणालो, 'भोकरची होय? नांदेडला स्टँडवरच मिळाली. जुनी हाय, पण पळते चांगली. आवाज लई करते. आणि गर्दी एवढी, की निम्म्या वाटेपर्यंत उभ्यानंच आलो.'

साडूभाऊ, त्यानंतर माझ्या आणि संगप्पाच्या मध्ये मामी पडल्या नसत्या तर हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात आलं असतं. मला काय चाललंय ते कळेना. मी नीलाकडं बघितलं. ती पदरात तोंड घालून बसलेली, खांदे गदागदा हलत होते. बायका म्हणत होत्या, लेकरू किती रडतंय बघा. मी नवरा आहे, मला ते खांदे ओळखू येतात. ती हसत होती. तिला सगळं कळलं होतं आणि ती एक अक्षर बोलायला तयार नव्हती.

मामींनी तिला विचारलं, 'बाई, आता लपवू नगं. काय त्रास होता तुला? मारायचा का?'

'न्हाई, अव्वा.'

'मग?'

'माझ्याशी इंग्रजीत बोलायचे.'

'अग्गं बाई!' असा आवाज सगळ्या अंगणातून निघाला. मारण्याला एवढा निघाला नसता. मग एकेक सुरू झालं. सकाळी उठून चूळ भरायच्या आधी गुड मॉर्निंग म्हणतात. भाकरीला ब्रेड म्हणतात. (हे एकदाच म्हणालो होतो.) मामी म्हणाल्या, 'म्हणून आता सोडून देऊन राहिला व्हय?' तेव्हा नीलानं पदर बाजूला केला आणि सहज, हसत हसतच म्हणाली, 'मला कशाला सोडतील, अव्वा? मग पाणी कोण भरंल?'

बायका हसल्या. मी हसलो नाही. ती थट्टेतच बोलली असेल, पण ते वाक्य मला संगप्पाच्या हातापेक्षा जास्त लागलं. ती रांगेत बसलेली असायची तेव्हा मी गच्चीवर फॉरचा सराव करून राहिलो होतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

इकडं 'भोकरची' कोण याचा शोध चालूच होता. इंग्रजीचं प्रकरण म्हणल्यावर भोकरात इंग्रजी येणारी बाई एकच, कन्याशाळेच्या हेडबाई लक्ष्मीबाई. रिटायर व्हायला आलेल्या, हातात छत्री, बोलल्या की कौलं हलतात. मी मागच्या दिवाळीत त्यांना रस्त्यात गुड इव्हिनिंग केलं होतं, त्याला साक्षीदार निघाले. कुणीतरी ही वार्ता त्यांच्या कानावर घातली आणि बाई स्वतःच अंगणात हजर झाल्या. 'कुठाय तो?' म्हणाल्या. संगप्पा सुद्धा पेटीवरून उठला. मी म्हणालो, 'बाई, मी नुसती तार केली होती.' त्यांनी माझ्याकडून तारेतले शब्द म्हणवून घेतले, एका कागदावर लिहिले, पर्समधून लाल पेन काढलं आणि मधे एक काकपद करून वर 'विथ' लिहिला. मग खाली दहापैकी तीन दिले आणि सगळ्यांना खड्या आवाजात अर्थ सांगितला. विथ जागेवर बसला आणि माझी बायको मला परत मिळाली. अंगण रिकामं झालं. संगप्पानं मला पाणी आणून दिलं. लोटा भरून. इतकं पाणी एका वेळी मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

आता फक्त मामांना लातूरहून परत बोलवायचं राहिलं. मी लगेच दुकानाच्या पत्त्यावर दुसरी तार केली. (तुम्ही कपाळाला हात लावला असेल. नीलानंही लावला.) बायकोला भोकरला सुखरूप सोडलं, काळजी नको, या अर्थाची. 'वाइफ लेफ्ट भोकर सेफली.' बारीकसारीक काही नव्हतंच, म्हणून गाळलं नाही.

लातूरला काय चाललं होतं ते मला शेजारच्या नागुबाईनं आणि दुकानातल्या ग्यानोबानं नंतर सांगितलं. मामा घरी पोचले तर दाराला कुलूप. नागुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, 'हाव, गेले की. बायकोला सोडून येतो म्हणले.' मामांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि दुकानात जाऊन माझ्या गादीवर बसले. येईल त्या गिऱ्हाइकापुढं तार धरायची, मग वही. एका कारकुनानं लीव्ह म्हणजे रजा हे बरोबर ओळखून सांगितलं की, तुमची लेक भोकरला रजेवर आहे. मामा म्हणाले, नवऱ्यापासून कसली रजा? एक निजामाच्या अमलात शिकलेले पेन्शनर चाचा आले. ते म्हणाले, 'इंग्रजीत हे सगळं कच्चं आहे. रवाना, बस. एका शब्दात माणूस घरातून निघाला असता आणि कुणाला काही तकलीफ नसती.' मामांना तेवढंच पटलं. म्हणून दुसरी तार आली ती त्यांनी चाचांकडून वाचून घेतली. चाचांनी सरळ सांगितलं, 'तुमची मुलगी भोकरहून सुखरूप रवाना झाली आहे.'

म्हणजे लेक एकटी लातूरला येऊन राहिली! मामा उठले. पोरगी उन्हातून येईल, तिला पाणी लागेल. नागुबाईकडून कळशी घेतली, तर नागुबाई म्हणाली, 'आप्पा, कळशी हाय, पाणी न्हाई. रांगेत या.' आणि तो पासष्टीचा माणूस, ज्याच्या मळ्यात तीन मोटा चालल्यात, नीलाच्या जागेवर बायकांमध्ये जाऊन बसला. सकाळ गेली, टँकर आला नाही. दुपारी आला तेव्हा ढकलाढकलीत त्यांचा फेटा पडला. अर्धी कळशी मिळाली. ती घेऊन ते स्टँडवर गेले आणि नांदेडची येईल ती गाडी बघत उभे राहिले. त्यातला घोटभर सुद्धा स्वतः प्याले नाहीत, असं ग्यानोबा सांगतो.

त्यांना सोडवलं नीलानं. मामा येईनात म्हणल्यावर ती पोस्टात गेली आणि मराठीत तार केली. मराठीत होते, हे मला माहीत होतं, पण ती खेड्यातल्या लोकांसाठी असते अशी माझी समजूत होती. 'अप्पा मी भोकरला आहे घरी या नीला.' मामा दुसऱ्या दिवशी आले.

मी ओसरीवर उभा राहून माफीची तयारी करून ठेवली होती. विथचं सगळं समजावून सांगायला लागलो. मामांनी हातानं थांबवलं.

'जावईबापू, तुमच्या इंग्रजीचं मला काय न्हाई. येत असंल, नसंल. मी तुमच्या टँकरच्या रांगेत बसून आलोय.' मग पायऱ्यांवर बसून तळवे चोळत राहिले. 'लेकीनं कधी सांगितलं न्हाई,' म्हणाले. 'पत्रात लिहायची, सगळं बरं हाय.' आणि उठताना म्हणाले, 'ती हितंच राहील. लातूर जिल्हा झालंय म्हणं. तुम्ही माणूस झालाव, की कळवा.'

मी त्याच दिवशी भोकर सोडलं. (इथं फॉर लागत नाही.)

तेव्हापासून मी एकटा आहे आणि अगदी मजेत आहे. काही काळजी करू नये. दुकान ठीक, तब्येत ठीक. क्लास बंद केला, कारण त्या वेळेला रांगेत असतो. नागुबाईनं मला घागर कमरेवर धरायची कशी ते शिकवलं, अजून नीट जमत नाही, निम्मं पाणी धोतराला मिळतं. पण बायका आता मला जागा धरून ठेवतात. कमलाक्कांना नमस्कार. तुमच्या गुडघ्याला एरंडाचं तेल लावून बघा.

तुमचा,
मल्लिकार्जुन

ता. क. मजेत आहे असं वर लिहिलंय, ते तसं फार धरून बसू नका. एक विनंती होती. मामांना तुम्ही तुमच्या अक्षरात एक पत्र लिहा, की धाकटा जावई सुधारला आहे, नीलाला पाठवायला हरकत नाही. मी सांगितलं असं लिहू नका. आणि कृपा करून मराठीत लिहा.

ता. क. दुसरा. हे पाकीट चिकटवणार तोच मामांचं कार्ड आलं. नीला भोकरला नाहीच म्हणे! गेल्या अमावास्येपासून तुमच्याकडं विष्णुपुरीला आहे, अक्कांच्या हातचं खाते, आणि रोज संध्याकाळी गोदावरीवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसते. साडूभाऊ, हे तुम्ही मला कळवायला नको होतं का? आता मामांना पत्र नको. हेच पत्र तिला वाचून दाखवा. ब्रेडचं तेवढं गाळा.

ता. क. तिसरा. नीला, पाणी मी भरतो. खोटं वाटत असेल तर नागुबाईला विचार. दोन घागरी रोज भरून ठेवतो आणि एकट्याला एक सुद्धा संपत नाही, मग तुझ्या तुळशीला घालतो. तिला नवी पानं आलीत. पाऊस पडेपर्यंत राहा, मी काही म्हणत नाही. पण पाऊस पडला की लगेच ये. आणि नाही पडला, तरी ये.

साडूभाऊ, हे शेवटचं तिला वाचून दाखवू नका. नुसतं हातात द्या.